'काल मामा आला' वाचण्यापर्यंतची वाट

स्टेशनरीच्या दुकानात, एसटी स्टँडवर, जत्रेत मांडलेल्या पथारीवर मिळणारी अंकलिपी हे आजही कितीतरी मराठी घरांत मुलाचं पहिलं पुस्तक असतं. पाच-सहा वर्षांचं मूल ती धडाधडा म्हणून दाखवतं. अ अननसाचा, आ आईचा, थेट ज्ञपर्यंत. घरी पाहुणे आले की बाराखडीचाही कार्यक्रम होतो: क, क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि. मग कोणीतरी कागदावर 'मका' असं लिहून त्याच्यापुढे धरतं आणि गाडी अडते. मूल 'म' म्हणतं, 'क ला काना का' म्हणतं, पण रोज बघितलेला, भाजून खाल्लेला मका त्या दोन अक्षरांत आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही.

पाठांतर आणि वाचन यांच्यातल्या या अंतराचा विचार महाराष्ट्रात निदान शंभर वर्षं चालू आहे. त्या विचारातून चांगली, तपासलेली उत्तरंही मिळाली आहेत. मात्र ती घरापर्यंत आणि वर्गापर्यंत पोचायला फार वेळ लागतो आहे, आणि त्या वेळाची किंमत मुलं मोजत आहेत.

जुन्या पंतोजींच्या शाळेत अक्षरओळखीची सुरुवात हाताने होई. धुळपाटीवर बोटाने किंवा काडीने ओनामा गिरवायचा, मग मुळाक्षरं, मग बाराखड्या, मग जोडाक्षरं. हा डोंगर चढून गेल्यावरच शब्दांची गाठ पडायची. पुढे मोडी वळवायची, खतं आणि हिशेब लिहायला शिकायचं. व्यवहारासाठी लिहिता हात तयार करणं हे त्या शिक्षणाचं काम होतं आणि त्या कामाला तो क्रम शोभत होता. गोष्टीचं पुस्तक हातात घेऊन स्वतः वाचणारं सात वर्षांचं मूल ही त्या शाळेची अपेक्षाच नव्हती. आज अपेक्षा बदलली आहे. क्रम मात्र पुष्कळ ठिकाणी तोच राहिला आहे: आधी सगळी अक्षरं, मग सगळ्या बाराखड्या आणि शब्द त्यानंतर.

या क्रमाला पहिला मोठा धक्का बालशिक्षणाच्या चळवळीने दिला. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. त्यांच्या कामात सहभागी झालेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये गिजुभाईंच्या बरोबरीने नूतन बालशिक्षण संघ उभा केला. मारिया माँटेसरींच्या पद्धतीत मूल काचकागदातून कापलेल्या अक्षरांवरून बोटं फिरवतं, तोंडाने त्याचा आवाज म्हणतं, मग सुटी अक्षरं मांडून शब्द बनवतं आणि अशा रीतीने लिहिता लिहिता वाचायला लागतं. ताराबाई ही दृष्टी घेऊन १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथे परदेशी साधनं परवडणार नव्हती, म्हणून बिया, पानं, दगड, माती हीच साधनं झाली. वारली मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या पाड्यावर, अंगणात, गुरं चारायच्या कुरणात गेली. पुढे देशभर रुजलेली अंगणवाडीची कल्पना या कामातून आली. वाचनाच्या दृष्टीने कोसबाडने शिकवलेली मोठी गोष्ट म्हणजे मुलाच्या हाताला, कानाला आणि बोलीला आधी काम द्यायचं. अक्षर त्यानंतर आलं तरी ते मागे पडत नाही.

मराठी वाचायला शिकणाऱ्या मुलासमोर नेमकं काय असतं? एका बाजूने देवनागरी फार प्रामाणिक लिपी आहे. अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज एकच. इंग्रजीत 'सी, ए, टी' अशी नावं घेऊन 'कॅट' होत नाही, मराठीत 'मा' आणि 'मा' मिळून 'मामा' होतोच. दुसऱ्या बाजूने चिन्हांची संख्या मोठी आहे. बाराखड्यांचीच रूपं चारशेच्या वर जातात आणि जोडाक्षरं वेगळी. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी येते, तिचा आवाज मात्र नंतर. एकटा 'र' किती सोंगं घेतो ते प्रकाश, ट्रक, सूर्य आणि दोऱ्या हे चार शब्द शेजारी लिहून पाहावं. त्यात ब-व, घ-ध, प-ष, थ-य ही जुळ्या चेहऱ्यांची अक्षरं.

म्हणून या लिपीला वेळ लागतो. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २००७ मध्ये दाखवलं की, या प्रकारच्या लिपीत अक्षरसंच हाती येण्याचं काम तिसरी-चौथीपर्यंत चालू राहतं. इंग्रजीची सव्वीस अक्षरं वर्षाच्या आत ओळखीची होतात, इथे तशी अपेक्षा करणं चूक आहे. यातून एक साधा निष्कर्ष निघतो. सगळी अक्षरं येईपर्यंत शब्द थांबवायचे ठरवले, तर मूल दोन-तीन वर्षं काहीही न वाचता शाळेत जात राहील. आपल्याकडे अनेक मुलांचं नेमकं हेच होतं.

शब्द लवकर द्यायचे तर कोणते द्यायचे? मराठी शिकवणाऱ्यांच्या पिढ्यांनी याचं एक उत्तर काढलं होतं: काना-मात्रा नसलेले शब्द. कमल, बदक, गवत, फणस. वरवर हे सोपं दिसतं, पण दोन अडचणी आहेत. पहिली आवाजाची. 'कमल' म्हणताना शेवटचा ल पुरता उच्चारला जात नाही. मूल मात्र क, म, ल असे तीन सुटे आवाज मोठ्याने काढतं आणि त्यांतून ओळखीचा शब्द ऐकू येत नाही. दुसरी अडचण व्याकरणाची, आणि ती अधिक खोल आहे. काना, मात्रा, वेलांटी वगळली की मराठी क्रियापदाला जेमतेम आज्ञार्थ उरतो: बघ, कर, बस, चल, पळ. आला, गेली, जातो, खाते, होतं यांतलं काही लिहिता येत नाही. आई नाही, बाबा नाही, मी नाही, तू नाही. त्यामुळे अशा धड्यांत नुसते हुकूम सुटतात, घडत काहीच नाही. मुलाला वाटतं, वाचन म्हणजे हेच, आपल्या बोलण्याशी संबंध नसलेलं काहीतरी.

आता दुसरी निवड करून पाहावी. क, म, ल ही तीन अक्षरं, आ हा स्वर आणि काना. एवढ्या पाच खुणांत मामा, काका, मका, काम, काल, लाल, मला, आला, कमाल हे शब्द बसतात. 'मामा' आणि 'काका' यांत तर सुट्या अक्षरांचे आवाज जोडले की शब्द आपोआप ऐकू येतो, शेवटी काही गिळावं लागत नाही. आणि 'काल मामा आला' हे पूर्ण, खरं, मुलाच्या घरात घडू शकणारं वाक्य तयार होतं. त्यात दुसरी वेलांटी आणि ई मिळवली की आई, मी, मामी, काकी, आली येतात. त, ब, द मिळाले की ताई, बाबा, दादा. प्रत्येक आठवड्याला दोन-तीन खुणा वाढवायच्या आणि त्या खुणांनी मुलाच्या वाचनात कोणते नवे शब्द येतील ते आधी पाहायचं. 'ऋ ऋषीचा' आणि 'ङ'साठी शब्दच नाही, ही अक्षरं पहिल्या महिन्यात कशाला लागतात?

ही कल्पना नवी नाही. फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन या भाषावैज्ञानिक बाईंनी आपलं आयुष्य मराठी वाचन शिकवण्याच्या कामाला दिलं. अमेरिकेत जन्मलेल्या बर्नसन संशोधनासाठी फलटणला आल्या आणि तिथल्याच झाल्या. शाळेत जाऊनही वाचता न येणारी वस्तीतली मुलं पाहून त्यांनी काम सुरू केलं, प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा. अक्षरांचे छोटे गट, त्यांच्याबरोबरच स्वरचिन्हं, लगेच अर्थपूर्ण शब्द, आणि याला समांतर गप्पा, गोष्टी, चित्रं, मुलांचं स्वतःचं लेखन अशी त्यांची मांडणी आहे. 'अक्षर आधी की अर्थ आधी' या भांडणात त्यांनी दोन्ही बाजू एकत्र चालवल्या. मराठी वाचनशिक्षणात यापेक्षा शहाणी वाट क्वचितच कोणी दाखवली असेल.

अमेरिकेत हेच भांडण फार कडवट झालं. जीन चॅल यांनी १९६७ मध्ये त्याला 'महाचर्चा' म्हणत त्यावर पुस्तकच लिहिलं. एक बाजू म्हणे, अक्षर आणि आवाज यांची सांगड पद्धतशीर शिकवा. दुसरी म्हणे, मुलांना खऱ्या पुस्तकांत सोडा, ती अर्थावरून शब्द ओळखतील. २००० साली तिथल्या राष्ट्रीय वाचन समितीने पहिल्या मताच्या बाजूने बराच पुरावा मांडला. मूल चित्रावरून शब्दाचा अंदाज बांधायला शिकलं तर चित्र नसलेल्या पानावर ते अडतं, हे आता पुरेसं स्पष्ट आहे. तरी ती सगळी चर्चा जशीच्या तशी मराठीत आणू नये. सीमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तेरा युरोपीय भाषांची तुलना केली. शाळेच्या पहिल्या वर्षाअखेर साधे, ओळखीचे शब्द फिनलंडच्या मुलांनी ९८ टक्के अचूक वाचले, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांनी ३४ टक्के. इंग्रजीची भांडणं बऱ्याच अंशी इंग्रजीच्या वर्णलेखनातून आलेली आहेत. मराठी या बाबतीत फिनिशच्या जवळची आहे, मात्र खुणांच्या संख्येमुळे तिचा वेग सावकाश राहणार.

न्यूझीलंडच्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांचं काम मात्र कुठल्याही लिपीला लागू पडतं. माओरी मुलांना शिकवताना त्या प्रत्येक मुलाला विचारत, तुला आज कोणता शब्द हवा? मुलाने सांगितलेला शब्द कार्डावर लिहून त्याच्याच हातात देत. भीतीचे, प्रेमाचे, घरच्या माणसांचे शब्द मुलं एका दिवसात ओळखू लागत. १९६३ मध्ये त्यांचं 'टीचर' हे पुस्तक आलं. मराठी घरात हे करायला काहीच खर्च नाही. लग्नपत्रिकेची कोरी बाजू कापून कार्डं करावीत. एकावर मुलाचं नाव, एकावर आजीचं, एकावर मांजराचं. या शब्दांत मुलाला न शिकवलेलं जोडाक्षर असलं तरी बिघडत नाही, कारण ही कार्डं अक्षरओळखीच्या शेजारी चालतात, तिची जागा घेत नाहीत.

आपल्या वर्गांत मात्र प्रत्यक्ष काय चालतं? सोनाळे हे पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यातलं गाव. नीलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था तिथून काम करते. याच वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीर भागात कन्नड शिकणाऱ्या मुलांचा तीन वर्षं मागोवा घेणारा मोठा अभ्यास शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी केला, त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. त्यातलं चित्र अस्वस्थ करणारं आहे. वर्गाचा बराच वेळ अक्षरं म्हणण्यात आणि फळ्यावरून उतरवून घेण्यात जातो. धड्याचा अर्थ शिक्षक सांगतात, मुलं ऐकतात. मुलांच्या स्वतःच्या बोलण्याला, स्वतःच्या लिहिण्याला जागा फार थोडी. तीन वर्षांनंतरही बरीच मुलं साधा मजकूर समजून वाचण्यापर्यंत पोचत नाहीत.

देशभराचे आकडेही हेच सांगतात. मुंबईच्या वस्त्यांतून १९९० च्या दशकात सुरू झालेल्या प्रथम संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' पाहणी होते. घरी जाऊन मुलासमोर एक कागद ठेवतात: अक्षरं, शब्द, छोटा उतारा, गोष्ट. ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. करोनाकाळानंतर २०२२ मध्ये ती २०.५ वर घसरली आणि २०२४ मध्ये २७.१ वर आली. म्हणजे खड्डा भरून निघाला, पण आपण जिथे होतो तिथेच आलो. तिसरीतली चारांपैकी जवळजवळ तीन मुलं अजून त्या गोष्टीपाशी अडलेली आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं असं लक्ष्य ठेवलं आहे.

प्रथमने मागे पडलेल्या मुलांसाठी एक वेगळी वाट काढली आणि तिची नोंद घ्यायला हवी, कारण ती बाराखडीतूनच जाते. इयत्ता विसरून मुलांचे गट वाचनाच्या पातळीवर करायचे. बाराखडीचा तक्ता रोज आडवा-उभा वाचायचा, पण त्याबरोबर त्याच दिवशी गोष्ट ऐकायची, तिच्यावर बोलायचं, शब्दांचे खेळ खेळायचे. तक्त्याची आडवी ओळ वाचताना काना-वेलांटीने अक्षराचा आवाज कसा बदलतो हे मुलाच्या ध्यानात येतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला याचा झपाट्याने फायदा होतो. बाराखडी वाईट नाही. ती कधी आणि कशाच्या जोडीने येते, यावर सगळं अवलंबून आहे.

कानाची तयारी हा भाग बहुतेक पुस्तकांत राहून जातो, आणि मराठी घराकडे तर त्याचा खजिना आहे. शब्दातले आवाज सुटे करता येणं ही वाचनाची पूर्वतयारी असते आणि आपल्या लिपीसाठी ती अक्षराच्या पातळीवर हवी. गाण्याच्या भेंड्या खेळताना मूल शेवटचं अक्षर पकडतं. चच्या भाषेत पहिलं अक्षर शब्दाच्या शेवटी टाकून आधी च लावतात, 'कमल'चं 'चमलक' होतं. सहज करमणूक म्हणून चालणारा हा खेळ म्हणजे उत्तम ध्वनिव्यायाम आहे. बडबडगीतं, उखाणे, टाळ्या वाजवून नावं तोडणं, हे सगळं चार-पाच वर्षांच्या वयात भरपूर व्हावं. त्या वयात पेन्सिल हातात धरून वहीची पानं भरायला लावण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त आहे.

लिहिण्याबद्दलही एक गोष्ट. एमिलिया फरेरो आणि आना तेबेरोस्की यांनी अर्जेंटिनातल्या लहान मुलांबरोबर काम करून १९७९ मध्ये दाखवलं की, शाळेत जाण्याआधीच मुलांच्या मनात लिखाणाविषयी आडाखे असतात. मोठ्या प्राण्याच्या नावाला जास्त अक्षरं लागतील, असं त्यांना वाटतं. एकाच खुणेने शब्द होत नाही, असंही. मराठी मूल 'माझा' लिहिताना 'मझ' लिहितं तेव्हा त्याने दोन आवाज बरोबर पकडलेले असतात, काना अजून यायचा असतो. लाल पेनाने फुली मारली की त्याचं लिहिणं थांबतं. शेजारी बसून 'मा' सावकाश म्हणून दाखवलं की ते स्वतःच काना देतं.

पण ज्या मुलाला 'काल' आणि 'आला' हे शब्दच घरचे नाहीत त्याचं काय? मेळघाटातलं कोरकू मूल, सातपुड्यातलं पावरी बोलणारं मूल, गडचिरोलीतलं माडिया मूल पहिलीत येतं तेव्हा लिपी आणि भाषा दोन्ही एकदम त्याच्या अंगावर येतात. अक्षरं जोडून ते 'विहीर' म्हणेल, पण डोळ्यांपुढे काही येणार नाही. मुलाच्या बोलीतले शब्द देवनागरीत लिहून सुरुवात करणं हा त्यावरचा उपाय अनेक शिक्षकांनी करून पाहिला आहे, आणि तो योग्य आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही घरच्या भाषेचा आग्रह धरतं. दुर्दैवाने अशा शाळेत ती बोली जाणणारा शिक्षक मिळणं ही अजून नशिबाची गोष्ट आहे.

शहरांत प्रश्न उलटा आहे. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाचा पहिला शब्द 'कॅट' असतो आणि मराठी नंतर एक विषय म्हणून येते. परदेशात महाराष्ट्र मंडळांच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळांतही मुलं आधी रोमन लिपी शिकून आलेली असतात. या मुलांच्या कानात मराठी असते, म्हणून त्यांना अंकलिपीच्या पहिल्या पानापासून नेण्याची गरज नाही. घरातले शब्द आणि काना यांपासून सुरुवात केली तर ती लवकर वाचू लागतात. एक बारीक अडचण पडद्याची. मराठीचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण ठरवले, पण मोबाइलवर पुष्कळदा हिंदी वळणाची रूपं दिसतात. मुलाला दोन्ही एकदाच शेजारी दाखवून टाकावीत.

सगळं नीट करूनही काही मुलं अडतात. दुसरी संपत आली, ऐकलेली गोष्ट मूल सुरेख सांगतं, पण तेच चार शब्द रोज नव्याने वाचावे लागतात, तर त्याला आळशी म्हणू नये. अध्ययन अक्षमता असेल तर तपासणी करून घ्यावी. महाराष्ट्राने १९९० च्या दशकात अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. लवकर लक्षात आलं तर नियमित मदतीने या मुलांच्या वाचनात मोठा फरक पडतो.

आणि शब्द वाचू लागलेल्या मुलाला पुढे काय द्यायचं? इथे मराठीत अजून मोठी उणीव आहे. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' मालिका आणि यशची पुस्तकं मुलाच्या रोजच्या घरातून, घरच्या भाषेत बोलतात. पुरंदरे यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची चित्रपुस्तकं आहेत, आणि स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. मोठ्याने वाचून दाखवायला यांतली पुष्कळ पुस्तकं उत्तम. पण दहा-बारा अक्षरं आणि तीन-चार स्वरचिन्हं एवढ्याच पुंजीवर मुलाला एकट्याने, अडखळत का होईना, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचता येतील अशी आठ-आठ पानांची गमतीदार पुस्तकं मराठीत फारच थोडी आहेत. ती लिहिणं कठीण काम आहे, कारण शब्दसंख्या कमी आणि गोष्ट मात्र खरी हवी. चांगले लेखक आणि चित्रकार त्याकडे वळले तर अंगणवाड्यांतून आणि पहिलीच्या वर्गांतून अशा पुस्तकांना लगेच मागणी येईल. तोवर शिक्षकांनी आणि पालकांनी ती स्वतः शिवावीत. चार कागद मधोमध दुमडून एक टाका घातला की सोळा पानं होतात. प्रत्येक पानावर मुलाचं एक चित्र आणि त्याखाली त्यानेच सांगितलेलं एक वाक्य.